तेजगावची धावपट्टी आणि ओझरचं विमान

ओझरला एचएएलला, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याला, कोणी एचएएल म्हणत नाही. कारखाना 'मिग', वसाहत 'मिग', बसच्या पाटीवर 'ओझर मिग'. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे फिटर होते. १९७१च्या डिसेंबरात मी तिसरीत होतो. गावातली खंडेरावाची यात्रा उरकून आठ-दहा दिवस झाले होते, दत्तजयंती नुकतीच पार पडली होती आणि घरोघरी खिडक्यांना काळे कागद चिकटवायचं काम चाललं होतं. अण्णा तेव्हा उशिरा घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. काय चाललंय, हे विचारायची आमची छाती नव्हती आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते.

आमचा नाशिकमधला निवृत्तांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा कुठल्यातरी लढाईतला एकच निर्णय घेऊन बसायचं आणि तो उलटसुलट तपासायचा, असा आमचा रिवाज. माझी पाळी आली तेव्हा मी तेजगाव निवडलं. ढाक्याचा हा जुना विमानतळ. ४ डिसेंबर १९७१ला तिथून पाकिस्तानी सेबर विमानं लढत होती, ७ तारखेपासून एकही लढाऊ विमान उडालं नाही. या तीन दिवसांत नेमकं काय बदललं, एवढाच प्रश्न.

जागा

तेजगावला धावपट्टी बांधायला घेतली इंग्रजांनी, १९४१मध्ये. जपानी ब्रह्मदेशात घुसले आणि बंगाल एकाएकी आघाडीच्या तोंडावर आला. तेजगावच्या उत्तरेला कुर्मीटोलाची पट्टी झाली, तीही त्याच धामधुमीत. महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकनांची मालवाहू विमानं इथून हिमालयापलीकडे चीनला रसद न्यायची. फाळणीनंतर तेजगाव हा पूर्व पाकिस्तानचा मुख्य विमानतळ झाला. प्रवासी आणि लष्करी विमानं एकाच पट्टीवरून. कुर्मीटोलाला नवा मोठा विमानतळ उभा राहत होता, पण १९७१पर्यंत तो पुरा झाला नव्हता.

आता पाकिस्तानची अडचण बघा. पूर्वेचं रक्षण पश्चिमेत, असं त्यांचं जुनं सूत्र होतं. म्हणजे ढाक्यावर संकट आलं तर पंजाबात भारताला चेपायचं. त्यामुळे पूर्वेला हवाईदलाची एकच लढाऊ तुकडी होती, १४ नंबरची स्क्वाड्रन, आणि तिच्याकडे दोन डझनांहून कमी सेबर. त्यात १९७१च्या जानेवारीअखेरीस इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फोकर विमान अपहरण करून लाहोरला नेलं आणि जाळलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराचीहून ढाक्याला जायचं तर श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला, वळसा. मार्चमध्ये पाकिस्तानच्या प्रवासी विमान कंपनीच्या, पीआयएच्या, बोइंगांतून साध्या कपड्यांतले सैनिक उतरले ते तेजगावलाच, आणि २५ मार्चच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष याह्याखान गुपचूप निघून गेले तेही इथूनच. एका प्रांताचं सगळं येणंजाणं एका काँक्रीटच्या पट्टीवर आलं होतं. नरडं एकच, आणि ते उघड्यावर.

सहा वर्षांपूर्वीचं पठाणकोट

तेजगावकडे जाण्याआधी पठाणकोटला थांबावं लागतं. ६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर पठाणकोटवर आली आणि तळावर उघड्यावर उभी असलेली आपली दहाच्या आसपास विमानं तिथल्या तिथे जाळून गेली. त्यांत नवीकोरी मिग-२१ही होती. आपल्या हवाईदलाला ही जखम फार लागली. नंतरच्या वर्षांत तळांवर विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधले गेले, विमानं पांगवून आणि जाळ्यांखाली झाकून ठेवायची शिस्त लागली. ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानने अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा तळांवर हल्ले केले, तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. विमानं जाग्यावर सुरक्षित होती.

पण धडा एकट्या आपणच शिकलो होतो थोडाच! तेजगावलाही सेबर झाकलेली, पांगवलेली, आडोशात होती. उघड्यावर रांगेत उभी विमानं टिपायचा १९६५चा डाव १९७१मध्ये दोन्हीकडे शिळा झाला होता. गटात मी हे मांडलं तेव्हा एका मित्राने विचारलं, "मग चार तारखेला आपण तेच का केलं?"

खरंच, का केलं?

चार आणि पाच डिसेंबर

४ तारखेच्या पहाटेपासून आपली हंटर, सुखोई-७ आणि मिग-२१ ढाक्यावर जायला लागली. हल्ल्याचा बहुतेक रोख विमानांवर होता. खाली उतरून रॉकेटं आणि तोफा मारायच्या आणि जमिनीवरची सेबर शोधायची. शोधायची म्हणजे काय? ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगात, झाडांच्या उंचीवरून, खालून विमानवेधी तोफांचा भडिमार चालू असताना, जाळीखालचं विमान दोन-तीन सेकंदांत ओळखायचं. वर सेबर आधीच हवेत येऊन थांबलेली. सेबर जुनं होतं, पण हळू वेगातल्या वळणावळणाच्या झुंजीत ते अजून भारी होतं आणि ही झुंज त्याच्या घरच्या आकाशात होती. आपली काही हंटर आणि सुखोई पडली. त्यांचीही काही सेबर पडली. दिवसअखेर तळ चालू होता.

या दोन दिवसांबद्दल आपल्याकडे वीरकथाच जास्त सांगितल्या जातात, आणि वैमानिकांनी दाखवलेली हिंमत नाकारायचं कारण नाही. पण प्रकरण म्हणून बघितलं तर निशाणा चुकला होता, असं माझं मत. मोजकी विमानं असलेला शत्रू विमानांनाच सर्वांत जपणार. जे त्याने लपवलंय ते शोधण्यात आपण माणसं घालवली, आणि जे तो लपवूच शकत नाही ते आपल्यासमोर आडवं पडलेलं होतं.

आमच्याकडे चांदवडच्या चौफुलीवर कांद्यासाठी रास्ता रोको झाला की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे पटकन कळेल. दोन्ही बाजूंना कोसभर ट्रक. प्रत्येक ट्रक धडधाकट, टाकी भरलेली, ड्रायव्हर जाग्यावर. एकाचीही हवा कोणी काढलेली नाही. तरी कांदा मुंबईला पोचत नाही.

सहा डिसेंबर

६ तारखेला डाव बदलला. गुवाहाटीहून २८ नंबरच्या स्क्वाड्रनची मिग-२१ निघाली, पंखांखाली प्रत्येकी ५०० किलोचे दोन बॉम्ब घेऊन. गुवाहाटी ते ढाका सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मेघालयचे डोंगर ओलांडले की वीसेक मिनिटांत माणूस ढाक्यावर. स्क्वाड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर बी. के. बिश्नोई. या वेळी विमानं शोधायची नव्हती. धावपट्टी फोडायची होती.

यातली गंमत कळायला विमान कळावं लागतं, आणि इथे अण्णा माझ्या कामाला आले. हे मिग-२१चं एफएल हे रूप, हवाईदलाच्या भाषेत टाइप-७७. सोव्हिएत युनियनबरोबर १९६२मध्ये मिगचा करार झाला. विमानाचा सांगाडा आणि जुळणी नाशिकला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी ठरली. ओझरचा कारखाना १९६४चा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि १९६३मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले, ही गोष्ट आमच्याकडे अजून कारखान्याच्या गोष्टीला जोडूनच सांगतात. पहिल्यांदा रशियाहून आलेले भाग जोडायचे, मग हळूहळू भाग इथेच बनवायचे, असं करत टाइप-७७ ओझरच्या हँगरमधून बाहेर पडायला लागलं.

आणि हे विमान बॉम्ब टाकायला बनलेलंच नव्हतं. त्याचं काम एकच: सायरन वाजला की उडायचं, बाणासारखं वर चढायचं, शत्रूच्या बॉम्बफेकी विमानावर क्षेपणास्त्र सोडायचं आणि परत यायचं. पोटात तोफ नव्हती. युद्धाच्या तोंडावर पोटाखाली टांगायची वेगळी तोफेची पेटी बसवली गेली. पंखांखाली दोनच खुंट्या. बॉम्बचा नेम धरायला खास साधन नाही, हवाई झुंजीसाठीची काच तेवढी समोर. अण्णांचं म्हणणं असं, "ते वर जायला केलेलं विमान. खाली बघायची त्याला सवयच नव्हती."

मग नेम कसा साधला? यात जादू नाही, शाळेतली भूमिती आहे. विमान जमिनीला जवळजवळ समांतर उडताना बॉम्ब सोडला तर तो लांबवर तिरका जातो. वेगात किंवा उंचीत जराशी चूक झाली की पन्नास-शंभर मीटरचा फरक. शिवाय असा तिरका आलेला बॉम्ब काँक्रीटवर घसरतो, उडी मारतो आणि भलतीकडे जाऊन फुटतो. तेच विमान उंचावरून नाक खाली करून तीव्र उतारावर सूर मारत आलं तर बॉम्बचा मार्ग विमानाच्या मार्गाच्या जवळ राहतो. वैमानिक जिथे रोखून बघतोय, बॉम्ब तिथेच जाऊ लागतो. तो काँक्रीटमध्ये घुसतो आणि आत जाऊन फुटतो. उंचावर राहिल्याने हलक्या तोफांचा माराही चुकतो. किंमत द्यावी लागते ती वेगळीच. त्रिकोणी पंखांचं हे विमान सूर मारताना झरझर वेग घेतं, आणि बॉम्ब सोडून वेळेत वर खेचलं नाही तर आपणच खड्ड्यात. आकाश मोकळं असेल तरच हे जमतं, आणि चार-पाच तारखेच्या झुंजीतून एक गोष्ट नक्की साधली होती: सेबरचा जोर ओसरला होता. तेवढं श्रेय त्या दोन दिवसांना द्यायलाच हवं. मित्राने मला इथे बरोबर पकडलं.

१९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्राएलने इजिप्तच्या धावपट्ट्या फोडल्या, त्यात धावपट्टीसाठीच घडवलेले खास बॉम्ब वापरले होते. तेजगाववर पडले ते साधे, सोव्हिएत बनावटीचे पाचशे किलोवाले. धावपट्टीवर खड्डे पडले. कुर्मीटोलाच्या पट्टीवरही पडले.

खड्डा भरणं

धावपट्टीतला खड्डा म्हणजे आपल्या गल्लीतला खड्डा नव्हे, की पावसाळ्यानंतर नगरपालिकेचा ट्रॅक्टर येऊन मुरूम ओतून जाईल. मोठा बॉम्ब काँक्रीटखाली फुटतो तेव्हा मधे खड्डा पडतोच, पण कडेच्या लाद्या वर उचलल्या जातात, तडकतात, त्यांच्याखालची माती पोकळ होते. वरून सपाट दिसणाऱ्या भागावर भार आला की तो खचतो. आधी तुटलेल्या लाद्या कापून काढायच्या, मग भराव, मग धुमस, मग वरचा थर. पट्टीभर विखुरलेले काँक्रीटचे तुकडे वेचायचे, कारण जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढतं आणि मुठीएवढा दगड इंजिनाचा निकाल लावतो. न फुटलेले बॉम्ब पडले असतील तर माणसं जवळ जायला तयार नसतात. आणि हे सगळं, विमान पुन्हा कधीही येईल या भीतीखाली.

फोडणाऱ्याला पूर्ण पट्टी उखडायची गरज नसते. अशा जागी खड्डे पाडायचे, की उरलेला कुठलाही सलग तुकडा सेबरच्या धावेला पुरणार नाही. तेजगावला दुरुस्तीची पथकं खड्डे भरत राहिली. भरत आले की मिग परत आली. ही शर्यत पाहिली की लक्षात येतं, एका दिवसाच्या नेमबाजीवर हा तळ बंद पडला नाही. भरणाऱ्याच्या फावड्यापेक्षा पाडणाऱ्याची फेरी जलद राहिली, म्हणून पडला. कंटाळवाणं काम आहे हे. त्यावर पोवाडा होत नाही.

याचं उलटं उदाहरण आपल्याच बाजूला आहे. भूजचा तळ. तिथेही पाकिस्तानी विमानांनी ८ डिसेंबरच्या सुमारास धावपट्टी निकामी केली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मूळ नागपूरचे. हाताशी मजूर नव्हते, म्हणून शेजारच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बाया कामाला लागल्या. सायरन झाला की झुडपांत, संपला की परत धावपट्टीवर, वर शेणाचा सडा घालून पट्टी लपवायची. ७२ तासांत धावपट्टी चालू झाली.

दोन्हीकडे खड्डे, दोन्हीकडे फावडी. मग भूज उठलं आणि तेजगाव उठलं नाही, हे कसं? माझ्या मते दोन कारणं. भूज बंद पडलं तरी जामनगर होतं, पश्चिमेचे बाकी तळ होते. भूजच्या डोक्यावरचं आकाश कोणीतरी सांभाळत होतं, म्हणून बायांना बहात्तर तास मिळाले. तेजगावची पट्टी बंद झाल्या क्षणी सगळ्या पूर्व पाकिस्तानच्या आकाशात त्यांचं एकही विमान उरलं नाही, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांचं रक्षण करणारं कोणीच नाही. पट्टी बंद म्हणून विमान नाही, आणि विमान नाही म्हणून पट्टी दुरुस्त होत नाही. दुसरं कारण गावाचं. माधापरच्या बायका आपल्या गावासाठी धावल्या. मार्चपासून पाकिस्तानी सैन्याने बंगाल्यांवर जे अत्याचार केले होते त्यानंतर तेजगावच्या शेजारपाजारचं कोण त्या खड्ड्यात फावडं घेऊन उतरणार होतं?

पट्टी बंद झाल्यावर

पाकिस्तानी हवाईदलाने पुढच्या दोन-तीन दिवसांत आपले वैमानिक छोट्या विमानांतून ब्रह्मदेशमार्गे बाहेर काढले. विमानं मागे राहिली. धावपट्टी कधीतरी दुरुस्त झालीही असती, पण उडवणारे गेले, म्हणजे प्रकरण तिथे संपलं.

त्यानंतर जे झालं ते भराभर. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ आपल्या २ पॅरा बटालियनचे जवान हवाई छत्रीने उतरले, डकोटासारख्या संथ विमानांतून, दिवसाउजेडी. एखाद-दुसरं सेबर हवेत असतं तर ही उडी टाकायची हिंमत कोणी केली नसती. १४ तारखेला गव्हर्नर हाउसमध्ये बैठक आहे अशी खबर मिळाली आणि बिश्नोईंच्याच मिग विमानांनी त्या इमारतीवर रॉकेटं मारली. लक्ष्य शोधायला हातात ढाक्याचा पर्यटकांचा नकाशा होता! गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला.

मधली १२ तारीख मात्र मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या दिवशी परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी ब्रिटिश हवाईदलाची हर्क्युलिस विमानं उतरली, ती याच तेजगावला. म्हणजे पट्टी तेवढी जोडली गेली होती. हल्ले थांबवले गेले, आणि हर्क्युलिसला सेबरएवढी चांगली पट्टी लागत नाही. गटातल्या एकाचं मत पडलं, की मग बॉम्बफेक फुकटच गेली. मला तसं वाटत नाही. ६ ते ९ तारखेच्या मधले दिवस बंद ठेवणं पुरेसं होतं. धावपट्टी कायमची मारता येत नाही आणि मारायची गरजही नसते. शत्रूची वेळ संपेपर्यंत ती अडवून धरायची.

त्या वेळी हवाईदलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल पी. सी. लाल. १९६९मध्ये प्रमुखपदी येण्याआधी ते काही वर्षं एचएएल चालवत होते. टाइप-७७ कारखान्यात कसं जुळतं हे ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांनीच ते युद्धात वापरलं. लाल हे नाव अण्णांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलंय, साहेब म्हणून.

१६ डिसेंबरला जनरल अरोरा शरणागती घ्यायला हेलिकॉप्टरने आले आणि तेजगावलाच उतरले. पूर्वेतल्या पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी त्यांना घ्यायला तिथे आले होते.

हँगरच्या कडेची सेबर

शरणागतीआधी पाकिस्तानी तंत्रज्ञांनी तेजगावला उरलेली सेबर निकामी केली. अकरा विमानं होती. इंजिनं, कॉकपिट, वायरिंग, जे फोडता आलं ते फोडलं. पुढे बांगलादेशच्या नव्या हवाईदलाने ही विमानं ताब्यात घेतली. त्यांचे तंत्रज्ञ बहुतेक पूर्वी पाकिस्तानी हवाईदलातच नोकरीला होते. एकाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी त्यातली काही विमानं पुन्हा उडण्याजोगी केली.

अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं. टिपण तयार झाल्यावर मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिग, बॉम्ब, गव्हर्नर हाउस, शरणागती, सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. सेबरच्या या शेवटच्या परिच्छेदाला मात्र डोळे उघडले.

"सुटे भाग नसताना?"

"नसताना."

"आणि जिग, टूल वगैरे?"

मी म्हटलं, असतील थोडीफार तिथलीच.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका विमानाला किती दिवस लागले, ते लिहिलंय का कुठे?"